सायत्राच्या हातात नसलेला इळा

हे मी लटारूले सांगतलं नाई. लटारू म्हणजे माझा नवरा — चाळीस वर्सं ज्याच्या संग एका चुलीवरचं खाल्लं, तो माणूस. तो गेला, तरी त्याच्या कानात नाई घातलं. देवाले बी नाई सांगतलं. देवाले काऊन सांगू? त्यानं पाह्यलंच असेन, आणि पाहून चूप राह्यला, मंग तो आणि मी सारखेच झालो ना? आज तुले सांगून राह्यली. तुझं-माझं नातं नाई, गोतं नाई, उद्या तू आपल्या वाटेनं जाशीन — म्हणूनच.

पण आधीच बोलून ठेवते, मी रडणार नाई. तुले वाटत असेन, म्हातारी आता पदर डोळ्याले लावन, उसासे टाकन, आणि तुले म्हणता येईन — जाऊ द्या बाई, झालं ते झालं. तसं म्हणायचं असेन तर आताच ऊठ. मले ते ऐकायचं नाई.

हाव, मी खोटं बोलली. पोलिसापाशी बोलली, चांद्याच्या कचेरीत मोठ्या साहेबासमोर बोलली, कागदावर अंगठा देऊन बोलली. एका भल्या बाईवर आळ घेतला. त्याची मले लाज नाई — रतीभर नाई. ती वेळ पुन्हा आली तर पुन्हा तेच खोटं बोलीन, अजून मोठ्यानं बोलीन. मंग कबूल काय करून राह्यली? थांब जरा. ते पुढं आहे. तिथी सरळ जाता येत नाई मले, म्हणून फेऱ्यानं नेऊन राह्यली.

आमचं गाव मूल आणि पोंभुर्णा या दोन गावाईच्या मधात, मूलपासून पाच कोस. आम्ही ढिवर. वर मोठा तलाव, खाली दोन बोड्या, बोडी म्हणजे लहानसा तलाव, आणि मंग धानाच्या बांद्या, म्हणजे भाताची खाचरं, त्याच्यामागं जंगल. आमच्यात लेकरू चालाले लागत नाई तर पाण्यात पडते. बाया बी तशाच. सकाळी उठून लुगडं खोचायचं, छातीएवढ्या पाण्यात शिरायचं, झिंगे चाचपायचे, शिंगाड्याचे वेल ओढायचे. ढिवराची बाई पाण्यात चालली तर कोणी मान वर करून पाहत नाई. कास्तकाराची बाई बांदीत उतरली तर पाह्यते का कोणी? तसंच ते.

घरात बुढी, म्हणजे माझी सासू. तिचे दोन लेक — थोरला लटारू, धाकटा दसरू. मी थोरली सून, पारबता माझं नाव. आणि सायत्रा धाकटी, दसरूची बायको, माझी जाऊ. माझ्या लग्नाले तवा बारा वर्सं झाली होती आणि पोटी काई नाई. बुढी सकाळी माझं तोंड पाहे आणि दुसरीकडं वळून थुंके. हे मी कारण म्हणून सांगत नाई बरं — कारण म्हणून सांगतलं तर जीभ झडो माझी. होतं तसं, म्हणून सांगतलं.

सायत्रा घरात आली आणि घर बोलाले लागलं. अव माय, काय बोले ती पोट्टी! चुलीपाशी बसली की भात करपेपर्यंत बोले. मले चिडवे — "बाई, तू अशी तोंड पाडून पाण्यात उतरतेस, मासोळ्या बी घाबरून पळत असतीन." मी वरवर खेकसे, पण खरं सांगू? त्या घरात माझ्या ताटाले ताट लावून जेवणारी ती एकटीच होती. मी तिच्यावर जीव टाके. हे खरं आहे — पुढचं ऐकल्यावर तुले पटणार नाई, तरी खरं आहे.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्सं झाली असतीन. भादव्यात सायत्रा बाळंत झाली. पोट्टी झाली, चंद्रकला नाव ठेवलं, चंद्री म्हणो आम्ही. आणि आठ-दहा दिवसात सायत्रा चूप झाली. रुसून होते तसं नाई. आतून कोणी दिवा मालवावा तसं. दुधानं चोळी भिजे आणि ही लेकराकडं पाहे बी नाई. केसाले तेल नाई, ताटात भात वाळून जाये. कवा तरी एकदम म्हणे, मी या लेकराची माय होण्याच्या लायकीची नाई. बुढी म्हणे बाहेरचं लागलं. पुजारी आला, लिंबू झाले, मिरच्याची धुरी झाली. पोट्टी खोकून खोकून लाल झाली, आणि सायत्रा त्या धुरात डोळे उघडे ठेवून बसली होती.

मंग एका सकाळी मी तलावाच्या पाळीवरून चालली होती. खाली बोडीत सायत्रा दिसली. पाणी गळ्यापर्यंत. पाळीवर दोघी-तिघी बाया भांडी घासून राह्यल्या होत्या, गप्पा हाणून राह्यल्या होत्या. कोणाचं लक्ष नाई. काऊन असेन? ढिवराची बाई पाण्यात आहे, मासोळ्या धरत असेन. पण मी पाह्यलं — तिच्यापाशी टोपलं नव्हतं. जाळं नव्हतं. आणि तिचे हात पाण्याखाली चाचपत नव्हते, लटकून होते नुसते. मी तशीच धावली, लुगड्यासकट पडली पाण्यात, आणि मानगूट धरून काठाले आणली तिले. बाया हसल्या. त्याईले वाटलं, जावा-जावा खेळून राह्यल्या.

काठावर ती जे बोलली ते मी अजून विसरली नाई. म्हणे, "बाई, मले मरायचं नाई. पण डोस्कं म्हणते, जा. दिवसभर म्हणते, जा-जा. मले कुठी तरी ने. याच्यावर कोणाचा इलाज असेन त्याच्यापाशी ने. लवकर ने."

पाह्य, तिनं स्वतः मागितलं. लोक म्हणतेत, असल्या माणसाले काई समजत नाई. तिले सगळ्याहून जास्त समजत होतं.

मी घरी सांगतलं. दसरू काय म्हणला असेन? हसला. म्हणे, "वहिनी, ढिवराची बाई पाण्यात नाई जाईन तर कुठी जाईन?" लटारू जाळं विणत होता, त्यानं मान बी वर केली नाई. बुढीनं तर मलेच झाडलं — स्वतःले लेकरू नाई म्हणून धाकटीच्या संसाराले नाट लावून राह्यली, म्हणे.

म्हणून मी कोणाले विचारलं नाई. मूलच्या बाजाराले सुकट विकाले चालली म्हणून सांगतलं, पोट्टीले पाठीशी बांधलं, सायत्राचा हात धरला, आणि पाच कोस चालून सरकारी दवाखान्यात नेली. डाक्टर तरणाच होता. त्यानं नाडी पाह्यली, जीभ पाह्यली, आणि मंग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं, ते सांगा. घाई नाही." इतकंच. दोन महिन्यात तिले असं कोणी विचारलंच नव्हतं. मी बी नाई. आणि सायत्रा बोलाले लागली — जी बोलाले लागली! बाहेर रांग खोळंबली, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला, डाक्टरनं त्याले हातानंच घालवलं.

सगळं ऐकून त्यानं मले बाजूले घेतलं. म्हणे, हा आजार आहे, बाहेरचं नाही, कोणाचं पाप नाही. बाळंतपणानंतर काही बायांना होतो, आणि बराही होतो. पण माझ्याजवळ त्याचं औषध नाही. नागपूरच्या मोठ्या इस्पितळात न्या, उशीर करू नका, आणि तोवर तिला एक घटकाही एकटी सोडू नका. तिथं भरती करायला नवऱ्याचा अर्ज लागतो, त्याला आणा. मी विचारलं, नवरा नाई म्हणला तर? म्हणे, मग पोलीस नेऊ शकतात, पण कोणाच्या जिवाला धोका असला तर. मी म्हटलं, तिच्याच जिवाले आहे ना! तो म्हणे, हो, मी तसं लिहून देतो. पण ठाणेदार पाहील, बाई शांत बसली आहे, घरचे म्हणतात काही नाही. तो हात लावायला कचरेल.

दसरू नाईच म्हणला. पागलखान्यात घातली तर जातीत तोंड कसं दाखवू? पोट्टीले उद्या कोण करून घेईन? बुढी म्हणे, आमच्या घरात पागल कोणी नाई. आठ दिवस मी तिच्या पदराले पदर बांधून निजली. तरी एकदा सुटलीच. पुन्हा बोडी. पुन्हा मीच ओढून आणली. आणि मले समजलं — तिसऱ्या वेळेले मी पोचणार नाई. तू सांग, तू काय केलं असतं? देवाले नवस बोलली असतीस का? मी नाई बोलली.

धान कापणीचे दिवस होते. आम्ही बी पाटलाच्या बांदीत कापाले जावो. आदल्याच दिवशी माझ्या मनगटाले इळा लागला होता, चिंधी बांधली होती. कापणीत कोणाले लागत नाई? मी ती चिंधी सोडली, जखम दाबली, रक्त आलं. आणि बोंबलत पाटलाच्या दारात गेली — सायत्रानं पोट्टीच्या मानेवर इळा उगारला! मी हात मधात घातला म्हणून लेकरू वाचलं! पाहा हा हात!

झालं. जी बाई दोन महिने मरून राह्यली होती तिच्यासाठी कोणी हललं नाई, आणि न उगारलेल्या इळ्यासाठी एका घटकेत अख्खं गाव आंगणात. पाटलानं बंडी जुंपली. ठाण्यात लिहिणं झालं, डाक्टरनं आपला कागद दिला, चांद्याले साहेबासमोर उभं केलं. दसरू तोंड खाली घालून उभा होता, नाई म्हणाची हिंमत होती का त्याची? मूल टेशनावरून छोट्या गाडीनं दोन शिपाई आणि एक बाई तिले नागपूरले घेऊन गेली. ती जिवंत गेली. माझ्या खोट्याच्या जिवावर गेली. याच्यासाठी मले कोणी नरकात घालणार असेन तर मी हसत जाईन.

पण ठाण्यात एक झालं. शिपाई मी सांगतलेलं वाचून दाखवून राह्यला होता, आणि सायत्रा ऐकत होती. तिनं माझ्याकडं पाह्यलं. राग नव्हता त्या नजरेत, भीती होती. हळूच म्हणे, "मी असं केलं, बाई?" तिचं डोस्कं इतकं थकलं होतं की तिले स्वतःचाच भरोसा नव्हता. आणि मी म्हटलं, हाव. शिपाई समोर उभा होता. नाई म्हटलं असतं तर बंडी तिथूनच माघारी फिरली असती. म्हणून त्या 'हाव'ची बी मले लाज नाई. चालता-चालता सांगून टाकते, त्याची नाई.

पाच महिने ती तिथी राह्यली. आणि पाच महिने पोट्टी माझ्यापाशी.

आता हे कसं सांगू? शेळीचं दूध कापसाच्या वातीनं पाजलं तिले. रात्री तिले छातीवर घेऊन निजो, तर तिचा श्वास माझ्या गळ्याले लागे. दात आला तो मी पाह्यला. खोकला झाला तो मी काढला. एक दिवस मी सूप पाखडत होती आणि ती रांगत आली, माझ्या लुगड्याले धरून उभी राह्यली आणि म्हणली — मा. बारा वर्सं ज्या शब्दासाठी मी वाट पाहून पाहून वाट पाहणं सोडलं होतं, तो शब्द. बुढी बी त्या दिवशी थुंकली नाई.

चैताच्या शेवटी सायत्रा आली. बरी होऊन आली! अंगावर मांस चढलं होतं, केस विंचरले होते. आंगणात बंडीतून उतरल्या-उतरल्या तिनं मले चिडवलं, "बाई, तू तर लठ्ठ झालीस गं." मले आनंद झाला का? झाला. खोटं कशाले बोलू, आनंद झाला. आणि त्याच्याच मागून मी कडेवरच्या चंद्रीले अजून घट्ट धरलं, ते बी खरं.

तिनं तिथलं सांगतलं. एक नर्सबाई होती म्हणे, रोज संध्याकाळी येऊन तिच्या खाटेपाशी बसे. हातात ना दवा, ना सुई. नुसती ऐके. सायत्रा म्हणे, औषधानं अर्धी बरी झाली, आणि अर्धी त्या बाईच्या कानानं. लोक त्या जागेले पागलखाना म्हणतेत, म्हणोत. मी त्याईले सांगे, तुमच्या देवळातून पाठवलेली परत येते का अशी?

पण घरानं तिले आत घेतलं ते कसं? बुढीनं सगळे इळे, पावशा, कुऱ्हाडी छपरात खोचून ठेवल्या. शेजारच्या बायाईनं आपापली लेकरं उचलून नेली. दसरू म्हणे, लेकरू वहिनीपाशीच राहू दे. सायत्रानं हात पुढं केले तर बुढी मधात उभी राह्यली. सायत्रानं हात मागं घेतले. भांडली नाई. मी चंद्रीले कडेवर घेऊन तिथीच उभी होती.

चौथ्या का पाचव्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. चंद्री माझ्या मांडीवर निजली होती. सायत्रा समोर येऊन बसली. म्हणे, "बाई, एक विचारायचं आहे. मले सगळं आठवते. बोडी आठवते, धुरी आठवते, तू मले ओढलं ते आठवते. पण इळा आठवत नाई. नर्सबाई म्हणे, तुझं सगळं ऐकून मले नाई वाटत तू लेकराले हात लावला असेन. तू स्वतःच्या जिवावर उठली होतीस, लेकराच्या नाई. घरी जा, आणि ज्यानं पाह्यलं त्यालेच विचार. न घाबरता विचार, म्हणे. बाई, तू पाह्यलं. खरं सांग. मी उगारला होता?"

पाह्य तिची हिंमत. हे विचाराले किती हिंमत लागत असेन! कोणी परकी बाई पाच महिने तिच्यापाशी बसली, तवा कुठी ती इतकी उभी राह्यली होती. आणि आता शिपाई नव्हता. कचेरी नव्हती. बंडी नव्हती. कोणाचा जीव जाणार नव्हता. 'नाई' — एवढं म्हणायचं होतं. नाई सायत्रा, तू काई नाई केलं, मी खोटं बोलली, तुले वाचवाले बोलली. ती माझ्या गळ्यात पडली असती. मले माहीत आहे, पडली असती.

चंद्रीनं झोपेत कूस बदलली आणि माझा पदर मुठीत धरला.

मी म्हटलं, "हाव."

आणि तेवढ्यावर राह्यली का मी? नाई राह्यली. ती माझ्या तोंडाकडं पाहून राह्यली होती, अजून आशा होती तिच्या डोळ्यात. ती आशा मी हातानं विझवली. म्हटलं, "मी नसती ना सायत्रा, तर आज ही पोट्टी नसती." मनगटावरचा वण दाखवला तिले. कापणीचा वण! तिनं त्याच्यावर बोट फिरवलं.

हेच आहे ते. इथी आणाचं होतं तुले. पोलिसाले फसवलं ते नाई, साहेबाले फसवलं ते नाई. बरी झालेली बाई माझ्यापाशी खरं मागाले आली, आणि मी तिच्यापासून तिची लेक चोरली. वाचवली मीच आणि लुटली बी मीच. बारा वर्सांची वांझ होती म्हणून? सासू थुंके म्हणून? तसं तू म्हणशीन, मी नाई म्हणणार. गावात दुसऱ्या वांझ बाया नव्हत्या का? त्याईनं कुठी कोणाचं लेकरू चोरलं? मले पाहिजे होतं, मी घेतलं.

सायत्रा रडली नाई. उठली, पाणी प्यायली. त्याच आठवड्यात दसरूले म्हणे, तलावाच्या त्या बाजूले आपलं वेगळं खोपट बांध. आणि सगळ्याईसमोर स्वतःच्या तोंडानं म्हणली, पोट्टी बाईपाशी राहीन. लोक म्हणे, पाहा, स्वतःच कबूल झाली. दुसरं लेकरू तिनं होऊ दिलं नाई. दसरूनं आरडाओरडा केला, मारलं बी एकदा, तरी नाई. आयुष्यात पुन्हा इळा हातात धरला नाई. कापणीच्या दिवसात बाया बांदीत, आणि ही एकटी पाण्यात.

पण ती मेली नाई बरं! मोडली बी नाई. उलट तिचं वेगळंच सुरू झालं. आजूबाजूच्या गावात कुठी बाळंतीण चूप बसली, कुठी कोणी डोस्कं धरून बसलं असं तिच्या कानावर आलं की सायत्रा चालत जाये. त्या नर्सबाईसारखी जाऊन बसे. विचारे, काय वाटते? घाई नाई. आणि मंग म्हणे, चल, आजच मूलले. उद्या नाई. घरचे नाई म्हणले तर आंगणात ठिय्या देऊन बसे — पागल म्हणा मले, मी पागलखान्यात जाऊन आली, म्हणून सांगते, हिले न्या! तिच्या तोंडाले कोण लागन? पाच-सात बाया तिनं अशा नेल्या, त्यातल्या एकीले तर भर पावसात बंडीवर. पण कोणत्याही घरात शिरायच्या आधी दारातूनच विचारे, लेकरू कुठी आहे? लेकरू असेन तर म्हणे, दुसऱ्या घरी ठेवा, मंग मी आत येते. हे मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं आहे. पाहून घरी आली, आणि चंद्रीची वेणी घातली.

चंद्री मोठी झाली. तिचं लगन झालं, आणि पहिल्या बाळंतपणाले ती माझ्या घरी आली. पोट्टा झाला. आठव्या दिवशी सायत्रा आली. नवं झबलं स्वतः शिवलं होतं, डिंकाचे लाडू होते, आणि चंद्रीसाठी एक लुगडं. दाराशीच उभी राह्यली. चंद्रीले गावानं लहानपणीच सगळं सांगतलं होतं — तुझ्या जन्म देणाऱ्या मायनं तुझ्या मानेवर इळा धरला होता, तुले पारबतानं वाचवलं. मी कवा हाव म्हटलं नाई आणि नाई बी म्हटलं नाई. चंद्रीनं सायत्राले पाह्यलं आणि एकदम लेकरू उचलून पाठीमागं घेतलं. तोंडानं काई बोलली नाई. कोंबडी कशी पिल्लू पंखाखाली घेते, तसं घेतलं.

सायत्रानं सामान उंबऱ्याच्या बाहेरच ठेवलं. लांबूनच नातवाले पाह्यलं, म्हणजे जेवढा दिसला तेवढा. मी तिले पोचवाले आंगणाच्या टोकापर्यंत गेली. तिथी ती थांबली, आणि माझा हात धरून म्हणे, "बरं केलं पोट्टीनं. असंच केलं पाहिजे. तू चांगलं शिकवलं तिले, बाई."

तवा बी सांगता आलं असतं. नाई सांगतलं. मी म्हटलं, ऊन फार आहे, डोक्यावर पदर घे.

दोन वर्सांनी सायत्रा तापानं गेली. ज्या बायाईले तिनं मूलले नेलं होतं त्या सगळ्या आल्या, त्याईचे नवरे बी आले, धाय मोकलून रडल्या बाया. चंद्री माझ्याजवळ उभी होती, कोरड्या डोळ्यानं. कोणाची तरी दूरची काकी गेली तशी.

चंद्रीले मी आजपर्यंत यातलं अक्षर सांगतलं नाई. लटारू गेला तशी मी तिच्याच घरी राह्यते; आता ती आतल्या घरात भात रांधून राह्यली आहे. थोड्या वेळानं मले जेवाले बोलवन. माय म्हणून हाक मारन, आणि मी ओ देईन.